ब्रेकवरचा पाय

काल सकाळी मी गॅरेजच्या खड्ड्यात उतरले. बारा वर्षं तुम्ही म्हणत होता, एकदा खाली येऊन तर पाहा, आणि बारा वर्षं मी काही ना काही कारण काढून वरच राहिले. तुम्ही असताना उतरले असते तर तुम्हाला केवढा आनंद झाला असता. आता तुम्हाला जाऊन अठरा दिवस झालेत, आणि मी उतरले ती काही आनंदानं नाही. दुसऱ्या पायरीवरच बसून राहिले. तुमचे धाकटे भाऊ, मिलिंद भाऊजी, वरून विचारत होते की वहिनी, राहू देता का. खरं सांगते, मी राहू देणार होते.

तुमच्याबद्दल जे सांगण्यासारखं होतं ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांनी सांगून झालं. डोणगावहून नुसती हातातली कला घेऊन आलेला माणूस, देऊळगाव राजाला जालना रोडवर स्वतःचं गॅरेज, कुणाची गाडी अडली तर जेवणाच्या ताटावरून उठणारा मिस्त्री. सगळं खरं आहे. मी मंडपात बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. एक गोष्ट यातल्या कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही माहीत नव्हती, आणि आता सांगायला तुम्ही नाही, एवढंच फिरत होतं. ती आज सांगते. पण आधी गाडीचं सांगायला हवं, कारण ती गोष्ट गाडीशिवाय कळणार नाही.

गाडी तुम्ही सोडून गेलात तशीच खड्ड्यावर उभी होती. काळी, लांबडी, मेहकरच्या ठेकेदारांची. त्यांनी ती मुंबईहून तिसऱ्या हातानं घेतलेली, आणि विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलावंच लागत नाही, ते गाडीच्या जन्माचं असतं. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, तेल बदललं नाही की गाडी लवकर मरते, मग तेल आपोआप जन्माचं ठरतं. ठेकेदार हसले नाहीत. त्यांची गाडी गिअर बदलताना मागून कुणी ढकलल्यासारखे हिसके मारत होती आणि नवा गिअरबॉक्स म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तुम्ही त्यांना सांगितलं की आधी तेल आणि फिल्टर बदलून बघू, घाबरू नका. तुम्ही सगळ्यांनाच घाबरू नका म्हणायचा.

त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही जुनं तेल काढलं. काळं झालं होतं, आणि त्याला जळका वास येत होता. मग गिअरबॉक्सच्या बुडाचं चेंबर काढलंत. या गाड्यांचं चेंबर प्लास्टिकचं आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणजे दोन्ही एकदमच बदलायचं. नवं चेंबर खोक्यात तयार होतं, तेलाचे डबे ओळीनं मांडलेले होते. वर उघड्या पडलेल्या गिअरबॉक्सला तुम्ही प्लास्टिकची स्वच्छ पन्नी लावली, सगळीकडून चिकटपट्टी मारली, आणि म्हणालात की बाकीचं उद्या पहाटे. घरी आलात, जेवलात, जरा पडतो म्हणालात. चारला मी चहा घेऊन आले.

त्याच्या पुढचं मला लिहायचं नाही. फक्त एक सांगते. मी बारा वर्षं तुमच्या जिवाला घाबरत होते. खड्ड्यात उभा माणूस, डोक्यावर दोन टनांची गाडी, कानाजवळ तापलेला सायलेन्सर. रोज सकाळी तुम्ही हसत हसत "मी खड्ड्यात जाऊन राह्यलो व" म्हणायचा आणि मी चिडायचे, असं अभद्र बोलू नका. आणि तुम्ही गेलात ते घरात, कूलरसमोर, पोटभर जेवून. मी इतकी वर्षं भलत्याच दारावर पहारा देत होते.

ठेकेदार भेटायला आले तेव्हा गाडीचं काही बोलले नाहीत, माणूस चांगला आहे. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला की वहिनी, तुमची हरकत नसेल तर गाडी टेम्पोवर चढवून संभाजीनगरला नेतो. भाऊजी म्हणाले, जाऊ द्या, आपल्यात आता हे काम कोणाला येतं. मी ठेकेदारांकडून चार दिवस मागून घेतले. का मागितले ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. तुम्ही लावलेली ती पन्नी दुसऱ्या कुणी तरी ओरबाडून काढणार, हे मला सहन होत नव्हतं. आणि दुसरं असं की त्या कामातलं अर्धं मला येतं. गाडी टेम्पोवर चढून गेली असती तर माझं ते अर्धंही तिच्याबरोबर गेलं असतं, आणि गॅरेजच्या शटरला मी कायमचं कुलूप लावलं असतं. उरलेलं अर्धं खड्ड्यात होतं.

माझं अर्धं म्हणजे वरचं. तुम्हीच मला त्यात ओढलं. धामणगाव बढ्याची बी.ए. झालेली पोर, लग्नानंतर घरी बसून वर्तमानपत्राचा कागद न् कागद वाचायची, त्यावरून तुम्ही चिडवायचा की हिला वाचायला दिलं नाही तर डब्यावरचं लेबल वाचेल. मग एकदा म्हणालात, चल, तुले आकडे वाचायले देतो. स्कॅनर माझ्या मांडीवर ठेवला. तो तारेनं गाडीला जोडला की गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान दाखवतो. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून आकडा सांगायचा आणि तुम्ही खाली हातपंपानं तेल भरायचं, एवढंच काम. पण ते एवढंच नाही, हे आपल्या दोघांनाच माहीत.

पुस्तकात लिहिलेलं असतं की तेल चाळीस डिग्रीच्या आसपास असताना त्याची पातळी बघावी. पुस्तक लिहिणाऱ्यानं आपला वैशाख पाहिलेला नसणार. आपल्या पत्र्याखाली दुपारी बंद गाडीचं तेलच बेचाळीस दाखवतं. पहिल्या वेळी तुम्हाला हे लक्षात आलं नाही. भर मे महिन्यात दुपारी एका वाजता पातळी लावलीत, तापून फुगलेलं तेल बाहेर सांडलं तेवढं सांडू दिलंत, आणि झाकण बंद. रात्री थंड झाल्यावर ते आक्रसलं आणि कमी पडलं. दुसऱ्या दिवशी जालन्याहून फोन, गाडी धक्के मारते. तुम्ही तेलाचा डबा पिशवीत घालून एसटीनं जालन्याला गेलात आणि तिथंच पातळी लावून आलात. तेव्हापासून हे काम तांबडं फुटायच्या आत सुरू करायचं, असं ठरलं. पहाटे तेल एकतीस-बत्तीसवर असतं. इंजिन चालू केलं की चढायला लागतं. चाळीसला, चालू इंजिनावरच, बाजूच्या भोकातून जादा तेलाची धार येते, धारेचे थेंब झाले की भोक बंद. तेवढी काही मिनिटं मिळतात, आणि आपल्याकडे ती लवकर संपतात.

आपलं भांडण इथलंच. तेल सगळीकडे पोचावं म्हणून त्या मिनिटांतच गिअर फिरवावे लागतात. ब्रेक दाबून ठेवायचा, लिव्हर रिव्हर्समध्ये, काही सेकंद, मग पुढच्या गिअरमध्ये, काही सेकंद, मग परत पार्किंगला. मी म्हणायचे, गिअर टाकते तेवढा वेळ तरी वर या. तुम्ही म्हणायचा, वर येऊन खाली जाईपर्यंत पंचेचाळीस होते, मंग सगळं उद्यावर. शिवाय गिअर फिरला की तेल आत ओढलं जातं, तेव्हाच पंप मारावा लागतो. मी म्हणायचे, उद्यावर जाऊ द्या, काय बिघडतं. तुम्ही खालून म्हणायचा,

"तुया पाय हाय ना ब्रेकवर. मंग मले कायची भीती?"

हे वाक्य तुम्ही इतक्या सहज बोलायचा की त्याचं ओझं तुम्हाला कधी कळलंच नसेल, असं मला वाटायचं. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, तुम्ही खाली, आणि मध्ये फक्त माझा एक पाय. हँडब्रेक असतो, चाकांना लाकडी ठोकळे असतात, हे मला माहीत होतं. तरी पायाला ते कुठं माहीत असतं. काम संपलं की माझी पोटरी तासभर थरथरायची आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी चहा करायला पळायचे.

आता ते सांगते. चार वर्षांपूर्वी चिखलीच्या डॉक्टरांची पांढरी गाडी आली होती. आठवते तुम्हाला, सीटवर मऊ गादी होती आणि मी म्हणाले होते की अशी गादी आपल्या पाहुण्यांनाही नाही. तुम्ही खाली पंप मारत होता. मी रिव्हर्समधून लिव्हर पुढं घेतली, आणि डावा पाय आपोआप क्लच दाबायला गेला. या गाड्यांना क्लच नसतोच. पण मला गाडी शिकवली तुम्ही, आपल्या जुन्या जीपवर, आणि तिचा गिअर क्लचशिवाय पडत नव्हता. गिअर बदलायचा म्हणजे डावा पाय खाली आणि उजवा वर, हे माझ्या हाडात बसलेलं. डावा खाली गेला, तिथं काही नव्हतं, आणि त्या गोंधळात उजवा वर आला.

गाडी पुढं झेपावली. हँडब्रेकनं धरलं, ठोकळ्यानं धरलं, फार तर दोन बोटं गेली असेल, आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. त्या क्षणी मी तुम्हाला मारलं आहे असंच मला वाटलं. मग खालून तुमचा आवाज आला, नेहमीसारखा, "किती झालं?" मी आकडा पाहिला. सदोतीस, म्हणाले. तुम्ही पंप मारत राहिलात.

तुम्ही वर आलात. हात पुसले, चहा घेतला, डॉक्टरांना फोन केला. मी समजले की इंजिनाच्या थरथरीत तुम्हाला कळलं नाही. सुटले, असं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटली. सांगायचं ठरवलं होतं. संध्याकाळी सांगू, जेवताना सांगू, झोपताना सांगू. झाकली मूठ झाकलीच राहिली. पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा बोलावलं आणि मी पुन्हा जाऊन बसले. तेव्हापासून मी डावा पाय सीटवर घेऊन त्याची मांडी घालून बसायला लागले, म्हणजे त्याला खाली जायलाच नको. तुम्ही खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, काऊन व, गुडघा दुखते काय? मी हो म्हणाले. तुम्ही त्याच दिवशी मेडिकलमधून गुडघ्याचं तेल आणून दिलं. न दुखणाऱ्या गुडघ्याला मी ते वर्षभर लावलं, आणि प्रत्येक वेळी चोराच्या मनात चांदणं.

आधीची आठ वर्षं मला खरंच खड्ड्याचीच भीती होती, पण त्या दिवसानंतर मी खाली आले नाही ती यासाठी. तुम्हाला वाटायचं मला विंचवाकाट्याची भीती, अंधाराची भीती, साडीला तेल लागेल याची भीती. एकदा तर तुम्ही माझ्यासाठी खड्ड्यात दुसरा बल्ब लावला. मला भीती होती ती वरच्या पायाची. वर बसलेल्या माणसाचा पाय किती सहज उचलला जातो हे मला माहीत होतं, आणि ज्याला हे माहीत आहे तो कशाला खाली उभा राहील.

काल भाऊजींनी पहाटे शटर उघडलं. मी तुमचा निळा शर्ट अंगात घातला, साडीवरच, आणि वर सांगितलं तशी पायरीवर बसून राहिले. मग उतरले, कारण भाऊजी स्वतः उतरायला निघाले होते, आणि ते उतरले असते तर वर मी बसले असते. ते मला पुन्हा कधीच जमणार नव्हतं. दोन भीतींतली एक निवडायची होती. मी माझ्या जिवाची निवडली.

खाली तुमचं सगळं होतं. भिंतीला खिळ्यावर फडकं, कोनाड्यात तंबाखूची डबी, जी तुम्ही सोडली होती म्हणे. दोन बल्ब. वर पन्नी, आणि पन्नीवर तुमच्या अंगठ्याचा तेलकट ठसा. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भीतीनं रडायलाही जागा ठेवली नाही. मी पन्नी सोडवली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

नवं चेंबर उचललं आणि थांबले. तुम्ही वर येऊन नेहमी एक गोष्ट सांगायचा, मी ऐकत नाही असं समजून सांगायचा, की जुन्या फिल्टरच्या नळीची रबरी रिंग कधीकधी वरच चिकटून राहते, ती काढली नाही आणि नवीन बसवली तर दोन रिंगा होतात, हवा ओढली जाते, आणि गिअरबॉक्स कोरडा पडून जळतो. भाऊजींना म्हटलं, जुनं चेंबर बघा, नळीला रिंग आहे का. ते म्हणाले, नाही. म्हणजे वर होती. मी बोट गिअरबॉक्सच्या आत घातलं. आत ओलं होतं, गुळगुळीत, आणि कडेला रबराचा काठ लागला. मी ती रिंग नखानं कडेकडेनं सोडवत गेले. निघाली. ती मी भाऊजींना वर दिली तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

बोल्ट तेरा. ते कसे आवळायचे हे मी कधी पाहिलेलं नव्हतं, ऐकलं होतं. इतकी वर्षं मी वर बसून तुमचा आवाज ऐकला. एक म्हणायचा तेव्हा आवाज माझ्या पायाखालून यायचा, दोन म्हणायचा तेव्हा मागच्या सीटखालून, तीन डावीकडून, चार उजवीकडून. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. पान्याचा कट्ट असा आवाज आला की तुम्ही लगेच थांबायचा, प्लास्टिकला जास्त जोर चालत नाही. मी तुमच्या आवाजामागं हात नेत गेले. तेरावा आवळला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल, पण आता इंजिन चालू करायचं होतं.

भाऊजींनी वीस वर्षं देऊळगाव राजा ते जालना काळीपिवळी चालवली आहे. त्यांना मी तीनदा बजावलं, डावा पाय वर घेऊन मांडी घाला. त्यांनी प्रयत्न केला, ढेरी आणि स्टेअरिंग यांच्यात मांडी मावेना. म्हणाले, वहिनी, ठेवतो बाजूले, तुम्ही चिंता नका करू. कारण विचारलं नाही त्यांनी, मी सांगितलंही नाही. मी ठोकळे हातानं हलवून पाहिले, हँडब्रेक लावून घेतला, आणि खाली गेले.

इंजिन चालू झालं. आधी वर बसून मला तो आवाज मऊ वाटायचा, खाली तो सगळ्या भिंतींतून अंगात शिरतो. पंपाची नळी भोकात घालून मी तेल भरत राहिले. भाऊजी मोठ्यानं आकडे वाचत होते, स्टँडवर गावं पुकारावीत तसे. बत्तीस. तेहेतीस. मी ठरवलं होतं की गिअर टाकायच्या वेळी वर जायचं. चौतीसला मी पायरीकडं पाहिलं. पंप थांबवला तर पातळी पडत होती, तेलाचं तापमान चढत होतं, आणि पायऱ्या पाच होत्या. तुमचं बरोबर होतं, वर जाऊन यायला वेळ नाही. भांडणात तुम्ही जिंकलात हे काल मान्य केलं, खड्ड्यात उभं राहून.

मी म्हणाले, रिव्हर्स. गाडी किंचित मागं दबली. मग म्हणाले, आता पुढचा.

तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. भाऊजींचा डावा पाय गेला खाली.

माझ्या तोंडावरचं सगळं लोखंड पुढं सरकलं. दोनच बोटं. पण ती दोन बोटं खालून काय असतात ते मी तुम्हाला काय सांगू. नळी माझ्या हातातून ओढली गेली, तेल हनुवटीवर आलं, चाकाजवळची माती डोळ्यांत पडली, ठोकळा करकरला, आणि गाडी आणि खड्ड्याच्या काठामधली उजेडाची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर बारीक झाली. मी मेले असं मला वाटलं. मग गाडी परत मागं बसली आणि तिथंच थांबली. भाऊजींनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले होते, हे मला न बघता कळलं.

आणि मला तेही कळलं. खाली उभ्या असलेल्या माणसाला हे कळलं नाही, असं होऊच शकत नाही.

वरून भाऊजींचा आवाज आला. एवढा मोठा माणूस, लहान लेकरासारखा आवाज.

"वयनी, गाडी हालली काय वो?"

माझ्या तोंडात तेलाची चव होती. हो म्हटलं असतं तर तो माणूस पुन्हा कुठल्याही गाडीत बसला नसता, आणि भाऊ गेला, मागोमाग वहिनीला आपण मारत होतो, हे तुमच्या भावानं जन्मभर उराशी धरलं असतं. मी नळी परत भोकात घातली.

"नाही, भाऊजी. इंजिनाचा हिसका हाय तो. पाय दाबून ठेवा अन् आकडा सांगा."

सदोतीस, म्हणाले ते. अडोतीस. आवाज हळूहळू जागेवर आला. चाळीसला धार आली, धारेचे थेंब झाले, आणि मी भोक बंद केलं. इंजिन बंद करायला सांगितलं आणि खड्ड्याच्या भिंतीला टेकून खालीच बसले. वर येता येईना. तुम्ही त्या दिवशी वर येऊन हात पुसलेत, चहा प्यालात, फोन केलात. मी वर आले तर मला कप धरता येत नव्हता. भाऊजींना म्हटलं, सवय नाही ना पंप मारायची.

चहा पिताना त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच नाही ना हालली? मी पुन्हा नाही म्हणाले.

ठेकेदार दहा वाजता आले आणि गाडी घेऊन मेहकर रस्त्याला लागले, फाट्यापर्यंत जाऊन आले. हिसके नाहीत, असं म्हणाले. मग तुमच्या फोटोसमोर जरा उभे राहिले. मी सगळं ऐकत होते पण माझं लक्ष नव्हतं. चार वर्षं मी समजत होते की एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. तुम्ही ती माझ्यापासून लपवली होती. त्या दिवशी तुमच्याही तोंडात अशीच तेलाची चव आली असेल. त्यानंतर किती वेळा तुम्ही खाली उभे राहिलात, वर कोणाचा पाय आहे हे नीट ठाऊक असून, आणि म्हणालात की मले कायची भीती. ती भीती तुम्हाला होती. मला राग आला आहे तुमचा. एकदा बोलला असता तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि परत कधी बसले नसते. तेच तुम्हाला नको होतं, हो ना.

आज सकाळी सिंदखेड राजाहून एका वकिलाचा फोन आला, त्यांच्या गाडीचं तेच काम आहे, सोमवारी आणू का म्हणून. भाऊजी समोरच बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, वहिनी, वर मीच बसू काय? त्यांची नजर जमिनीकडं होती.

भाऊजींचा डावा पाय पुन्हा खाली जाईल की नाही, मला माहीत नाही. मी म्हणाले, तुम्हीच बसा, दुसरं कोण हाय.